चुलत्यांच्या वर्षश्राद्धाला स्मरणपुस्तिका काढायची आहे: काय घालावं, काय टाळावं?

पुतणी_साखरपेठ

नमस्कार मंडळी. आमचे थोरले चुलते २०२५ च्या श्रावणात गेले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. सोलापुरात चादर-टॉवेलचा कारखाना, सुरुवात चार मागांवर, शेवटी चोवीस. स्वतःला मूलबाळ नव्हतं, आम्हा सात पुतण्या-भाच्यांची शिक्षणं आणि लग्नं त्यांनीच पार पाडली. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका वाटायची आहे, २५० प्रती.

भावाने मजकूर लिहिलाय: ‘दानशूर, प्रेमळ, हसतमुख, गोरगरिबांचे कैवारी.’ चार पानं हेच. वाचून आमचे अण्णा दिसत नाहीत, कुणाचेही काका दिसतात.

हाताशी आहे ते: लाल कापडी बांधणीच्या रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) आणि खतावण्या (माणसागणिक खात्यांच्या वह्या; जुन्यांवर संवत २०३५ वगैरे लिहिलंय), पगारवह्या, दोन अल्बम, एक पोतंभर डिझाइनचे पत्ते (नक्षीसाठी मागाला लावायची भोकांची पुठ्ठ्याची कार्डं). जुने कामगार बहुतेक तेलुगू बोलणारे. सुरुवात कुठून करू?

खतावणी

वह्यांपासून करा ताई. माणूस दानशूर होता हे भावाने सांगण्यापेक्षा खतावणीने सांगितलेलं बरं.

आधी सालं लावून घ्या. व्यापारी संवत दिवाळी पाडव्याला बदलतो. त्यामुळे संवत २०३५ ची वही १९७८ च्या दिवाळीपासून १९७९ च्या दिवाळीपर्यंतची. पाडवा ते डिसेंबर ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढे ५६. शके लिहिलं असेल तर ७८ मिळवा (वर्षअखेरच्या दोनतीन महिन्यांत ७९). मार्च १९८९ पासून आयकराला सगळ्यांचं वर्ष मार्चअखेर झालं, तिथून वह्या एप्रिलला सुरू झालेल्या दिसतील. हा सांधा चुकला की पुस्तिकेत एक साल गायब होतं किंवा दोनदा येतं.

मग खतावणीत प्रत्येक कामगाराचं उचलीचं पान काढा. नावे बाजूला उचल, जमा बाजूला पगारातली कपात. ज्या पानावर कपात मधेच थांबलीय आणि बाकी वटाव (सूट) किंवा बुडीत खात्याला टाकून पान बंद केलंय, ते पेन्सिलीने टिपून ठेवा. उदारपणा सापडला तर तिथे सापडेल. मात्र प्रत्येक बुडीत बाकी म्हणजे सोडलेली उचल नव्हे, कामगार न सांगता दुसऱ्या कारखान्यात गेला तरी नोंद अशीच दिसते. त्या तारखेनंतरही तो पगारवहीत आहे का ते बघा. असेल, तर मालकाने समजून-उमजून सोडलंय.

दोन ठिकाणी फसाल. एक, ‘धर्मादाय’ खातं. ती रक्कम बरेचदा बिलावर गिऱ्हाइकाकडूनच घेतलेली असायची, ती अण्णांच्या खिशातली धरू नका. त्यांचे स्वतःचे पैसे घरखर्च किंवा भांडवल खात्यातून गेलेले असतील, फीची आणि लग्नाची रक्कमही तिथेच दिसेल. दोन, बोनस. ‘दर दिवाळीला बोनस देत’ यात कौतुक नाही. कायदा लागू असलेल्या कारखान्यात पगाराच्या किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो. त्यावर किती दिला, ते लिहा.

आणि जुने रुपये आजच्या भावात करून सांगू नका, ते नेहमी चुकतं. त्याच आठवड्याची पगारवही उघडा, रकमेला एका विणकराच्या आठवड्याच्या पगाराने भागा. ‘पुतणीच्या फीला अकरा आठवड्यांचा पगार’ असं लिहिलं की विडी वळणारी आजीसुद्धा समजते.

धोटा_आणि_कांडी

वरचं सगळं बरोबर, पण नुसत्या वह्यांतून कारखानदार उभा राहत नाही. ‘चादरीचा व्यवसाय होता’ हे वाक्य सोलापुरात निम्म्या पूर्व भागाला लागू पडतं.

पहिलं विचारा: अण्णा मजुरीवर विणत होते की स्वतःच्या सुतावर? बरेच जण व्यापाऱ्याचं सूत घेऊन नगावर मजुरीने सुरुवात करतात. खतावणीत ज्या वर्षी ‘सूत खातं’ सुरू होतं, त्या वर्षी ते खरे कारखानदार झाले, कारण तिथून सुताच्या भावाची चढउतार त्यांच्या अंगावर आली. चार मागांचे चोवीस कधी झाले, यापेक्षा ही तारीख मोठी.

पत्त्यांचं पोतं आधी कोरड्या जागी, उंचावर ठेवा. उंदीर आणि ओल दोन्ही लागतात. दोरीत ओवलेली माळ सोडू नका. जॅकार्डमध्ये (नक्षी विणणाऱ्या यंत्रात) एक पत्ता म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेक, क्रम गेला की नक्षी गेली. पत्ते मोजले तर नक्षीची लांबीही कळते: ८४० पत्ते आणि इंचाला ४० फेकी असतील तर २१ इंचांची नक्षी. फोटो काढताना पत्ता खिडकीच्या काचेला लावून मागून उजेड येऊ द्या, भोकं स्वच्छ दिसतात. त्याच डिझाइनची चादर घरात सापडली तर समोरासमोरच्या पानांवर पत्ता आणि चादर टाका, आणि चादरीची उलटी बाजूही दाखवा, तिथे तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन येते.

टॉवेलबद्दल एक परिच्छेद पुरे. ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) दोन बीम, म्हणजे रूळ, असतात, एक ताठ, एक सैल. दोन फेकी जरा अलीकडे थांबवतात आणि तिसरीला फणी पूर्ण ठोकते, की सैल ताण्याचे लूप उभे राहतात. पुण्या-मुंबईच्या भाच्यांना एवढंही माहीत नसतं.

कामगारांशी बोलणं शेडमध्ये नको. मागाच्या आवाजात रेकॉर्डिंग होत नाही, आणि वर्षानुवर्षे तिथे काढलेल्यांना ऐकूही कमी येतं. घरी जा, समोरासमोर बसा, तेलुगूत बोलू द्या, बरोबर भाषा येणारं कुणीतरी न्या. एकट्या जॉबरला (माग चालू ठेवणाऱ्या मिस्त्रीला) विचारून थांबू नका. कांडी (धोट्यातली सुताची नळी) भरणाऱ्या बायका, मुनीम, गठ्ठे उचलणारे हमाल यांनी वेगळेच अण्णा पाहिलेले असतात. ‘अण्णा कसे होते?’ विचारलंत तर ‘देवमाणूस’ एवढंच मिळेल. ‘कामाला लागलात तेव्हा आठवड्याचा पगार किती?’, ‘सूत महागलं तेव्हा किती माग बंद ठेवले, कुणाला घरी बसवलं?’ असं विचारा.

साल कुणाला आठवत नाही, तेव्हा खुणा द्या: बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३), महिन्यासाठी गड्डा (संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा). ‘गड्ड्याच्या आधी’ म्हणजे संक्रांतीच्या आधी, जानेवारीचा पहिला आठवडा-दीड आठवडा.

बाय द वे, तेलुगू आणि कन्नड दोन्हींत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. घरचे आणि कामगार एकाच नावाने हाक मारत होते, पण नातं वेगळं लावत होते. हे एका ओळीत यायला हवं.

भौगोलिक मानांकन सोलापुरी चादरीला आहे, टेरी टॉवेललाही आहे. ते अण्णांच्या कर्तबगारीत घुसडू नका.

छपाईवाला

२५० प्रतींना डिजिटल छपाई बघा, ऑफसेटच्या प्लेटचा खर्च एवढ्या प्रतींवर अंगावर येतो. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत. २४ पानं अधिक ४ कव्हर करा, साडेपाच बाय साडेआठ इंच. आत १०० जीएसएम (कागदाची जाडी) मॅपलिथो, म्हणजे न चकाकणारा कागद, फोटोंच्या फॉर्मला १३० आर्ट पेपर, कव्हर २५० ते ३०० आर्ट कार्ड. सगळं आर्ट पेपरवर नको, ट्यूबलाइटखाली चकाकतं आणि म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका.

फोटो: छापायला ३०० डीपीआय लागतात, म्हणून छोटे फोटो मोठ्या डीपीआयने स्कॅन करा. दोन इंच रुंदीचा फोटो ६०० ने स्कॅन केला तर चार इंचांपर्यंत नीट छापता येतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर बारीक होऊन येतात. नव्वद टक्के पुस्तिकांतले धुरकट चेहरे यामुळेच.

भावाने मजकूर जुन्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये) टाइप केला असेल तर युनिकोडमध्ये बदलल्यावर ओळ न् ओळ वाचा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’ इथे हमखास गडबड होते. आडनावं सगळ्यात आधी तपासा.

कव्हरवरची तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे (१७ मे ते १५ जून). एरवी तिथी अकराएक दिवस अलीकडे येते, यंदा श्रावणातली तिथी अठरा-एकोणीस दिवस पुढे जाईल. भटजींकडून दिवस पक्का झाला की मगच कव्हर छापायला द्या.

पुतणी_साखरपेठ

खूप आभार. कालपासून वह्या उघडल्यात. उचलीची नऊ पानं अशी निघाली की बाकी बुडीत आणि माणूस पुढे सात-आठ वर्षं कामावर. त्यांची नावं छापायची का? काहींची मुलं आज चांगल्या हुद्द्यावर आहेत.

खतावणी

नावं नकोत. ‘१९८१, कांडी भरणाऱ्या बाई, आठ आठवड्यांचा पगार, बाकी सोडली’ एवढ्यावर थांबा. कुणी आपणहून सांगितलं आणि छापायला हरकत नाही म्हणाले, तरच नाव, तेही मुलांच्या कानावर घालून. आणि वहीच्या पानाचा फोटो टाकणार असाल तर नावाचा रकाना झाकून स्कॅन करा. नंतर पुसलेलं कधीकधी वाचता येतं.

धोटा_आणि_कांडी

आणखी एक. ‘कारखाना अण्णांनी एकट्याने उभा केला’ हे वाक्य भावाच्या मसुद्यात असणारच. काढा. धंदा एकत्र कुटुंबाचा होता की भागीदारीचा, ते कागद बघितल्याशिवाय ठरत नाही, आणि वाटणी व्हायची असेल तर छापील ओळ कुणीतरी जपून ठेवतं. ‘चार माग १९७४ साली, अमुक पेठेत’ एवढंच लिहा, तेही पहिल्या वीजबिलावरून किंवा शॉप ॲक्टच्या परवान्यावरून ताडून. बिलावर ‘महावितरण’ असेल तर ते २००५ नंतरचं, त्याआधी वीज मंडळ होतं.

वंशावळीत सुना आणि लग्न झालेल्या मुली राहतात. छापायच्या आधी कच्ची प्रत आत्याबाईंना दाखवा, त्या बरोबर पकडतात.