नातवाशी तुटलेला संपर्क पुन्हा कसा जोडावा?

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर)
माझा मुलगा आणि सूनबाई गेल्या वर्षापासून वेगळे राहतात. आठ वर्षांचा नातू आईसोबत परभणीला, तिच्या माहेरी असतो. दोघांत कोणाचे किती चुकले, हे मला येथे मांडायचे नाही. मात्र जो आमच्या अंगाखांद्यावर वाढला, त्याचा आवाज आता सणावारालाही कानावर पडत नाही. व्याह्यांना फोन केला, तर ‘आधी पोटगीचे बघा’ एवढेच उत्तर मिळते. प्रकरण अजून न्यायालयात गेलेले नाही. आजी-आजोबा म्हणून आम्हाला काही मागता येते का?

उत्तर (वकील, नांदेड)
हिंदू अल्पवयीनता व पालकत्व अधिनियम, 1956 मध्ये आजी-आजोबांच्या भेटीची वेगळी तरतूद नाही. म्हणून वेळ आलीच तर अर्ज नातवाच्या वडिलांनी, म्हणजे तुमच्या मुलाने करावा आणि त्यातच तुमच्या भेटीची विनंती घालावी. पालक व पाल्य अधिनियम, 1890 नुसार मूल जिथे नेहमी राहते तिथल्या, म्हणजे परभणीच्या न्यायालयात तो करावा लागेल. ताबा नसलेल्या पालकालाही मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटले आहे. पण पोटगी थकली असेल, तर ती आधी सुरू करा. भेट मिळत नाही म्हणून पैसे रोखणे हा मुलावरच अन्याय आहे. दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी जरूर जावे.

उत्तर (जालना)
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण माझी मुलगी माझ्याजवळ राहते. तिची वडिलांकडची आजी सुरुवातीला फोनवर ‘घरी कोण येतं, आई काय म्हणते’ असे विचारत असे, आणि पोरगी उत्तर देण्याआधी माझ्या तोंडाकडे बघत असे. आता आजी म्हशीच्या रेडकाचे, शेतातल्या बोरीचे सांगतात आणि फोन ठेवायला मुलगीच तयार नसते. काका, तुम्ही व्याह्यांना मध्ये न घालता थेट सूनबाईंशी बोला. रविवारची एखादी वेळ त्यांनाच ठरवू द्या आणि ती चुकवू नका, कारण ठरलेल्या वेळी फोन आला नाही की लेकरू दिवसभर विचारत राहते.

प्रश्नकर्ता
सूनबाईंशी मी स्वतःच बोलेन. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, नातवाला शेतावर बोलवावे, अशी हिची फार इच्छा आहे. भज्जी आणि आंबील त्याला आवडते. एवढ्यात विचारणे बरे दिसेल का?

उत्तर (वकील, नांदेड)
आधी काही आठवडे फोन सुरळीत होऊ द्या, मग विचारा. त्या वेळी कोण न्यायला येणार, किती वाजता परत पोहोचवणार, हे सूनबाईंना लेखी कळवा आणि त्यांनाही शेतावर येण्याचे आमंत्रण द्या. त्या नाही म्हणाल्या, तर त्या दिवशी मुलापुढे हट्ट धरू नका. दुसरी तारीख मागा.