शब्दचर्चा: हस्तक्षेप, दखल, ढवळाढवळ, आणि निर्वासित की विस्थापित?

अनुवादक, धरमपेठ
स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात युद्धग्रस्त देशांवर एक प्रकरण आहे. मसुद्यात जिकडेतिकडे ‘हस्तक्षेप’. नाटोने १९९९ मध्ये कोसोव्होसाठी युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकले तो हस्तक्षेप, २०११ मध्ये लिबियात झालं तोही, कंबोडियात संयुक्त राष्ट्रांनी निवडणूक घेतली तोही, आणि सीरियात पिठाचे ट्रक गेले तोही! मुलांना यातून काय कळणार? शिवाय ‘निर्वासित’ आणि ‘विस्थापित’ हे शब्द आलटूनपालटून पडले आहेत. जाणकारांनी सांगावं.

राज्यशास्त्र, महाल
शब्द लिहिण्याआधी तीन गोष्टी बघा. सरकारची संमती होती का, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव होता का, आणि बळ वापरलं का. कंबोडियात १९९१ च्या पॅरिस कराराला तिथले चारही गट राजी होते, म्हणून ते ‘संक्रमणकालीन प्रशासन’. कोसोव्होत संमतीही नव्हती, बळ वापरायला परवानगी देणारा ठरावही नव्हता. तिथे ‘लष्करी हस्तक्षेप’ हाच शब्द, आणि ‘परिषदेच्या परवानगीविना’ हे सोबत हवंच.

लिबियाचं प्रकरण नाजूक आहे. १७ मार्च २०११ चा ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी झाला. भारत, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ राहिले. नागरिकांच्या संरक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजायला परवानगी दिली, परकी फौजेने भूभाग ताब्यात घेऊन बसायला मात्र साफ मनाई केली. सत्तांतराचा त्यात उल्लेख नाही, पण ऑक्टोबरपर्यंत लिबियाचा सत्ताधीश गद्दाफी संपला होता. ‘संरक्षणाची जबाबदारी’ (सरकार आपल्या लोकांना वाचवत नसेल तर जगाने पुढे यावं) हे संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या शिखर परिषदेत मान्य झालेलं तत्त्व तेव्हापासून अनेक देशांच्या डोळ्यांवर आलं. तेव्हा ‘परिषदेने अधिकृत केलेली लष्करी कारवाई’ असं लांबलचक लिहा, हरकत नाही. आणि एक सांभाळा: त्या ठरावाचा क्रमांकच १९७३ आहे. ‘१९७३ चा ठराव’ लिहिलं की पोरं ते साल समजून पाठ करतात.

‘ढवळाढवळ’ हा आरोपाचा शब्द. तो सरकारच्या निवेदनात अवतरणात शोभतो, लेखकाच्या तोंडी नाही.

उपसंपादक, सीताबर्डी
‘दखल’ राहिलाच की सर. नागपुरात हिंदी कानावरून जाते, त्यामुळे ‘संयुक्त राष्ट्रांनी युद्धात दखल द्यावी’ अशी वाक्यं रोज डेस्कवर येतात. हिंदीत दखल देतात, म्हणजे मध्ये पडतात. मराठीत दखल घेतात, म्हणजे नोंद घेतात. एका क्रियापदाने अर्थ फौज पाठवण्यापासून कागदावर शेरा मारण्यापर्यंत बदलतो.

आता गंमत बघा. परिषदेच्या बहुतेक ठरावांच्या शेवटी एक ठरलेलं कलम असतं, की हा विषय परिषदेपुढे कायम राहील. त्याचं भाषांतर ‘परिषदेने प्रश्न ताब्यात घेतला’ असं झालेलं आढळतं. ताब्यात काहीच घेतलेलं नसतं. ‘परिषद या विषयाची दखल घेत राहील’, इतकंच. इथे मराठी ‘दखल’ चपखल बसतो.

मदतकार्य, जरीपटका
‘सूचना’ या शब्दावरही लाल शाई मारून ठेवा. सीरियाचं उदाहरण घेते.

नियम असा की बाहेरची मदत सरकारच्या संमतीने येते. दमास्कसचं, म्हणजे सीरियाचं सरकार विरोधकांच्या भागात माल जाऊ देत नव्हतं. म्हणून जुलै २०१४ मध्ये परिषदेने ठराव क्रमांक २१६५ केला. तुर्कस्तानातून बाब अल-हवा व बाब अल-सलाम, इराककडून अल-यारुबिया आणि जॉर्डनकडून अल-रमथा अशा चार नाक्यांवरून संयुक्त राष्ट्रांचे ट्रक थेट आत जाऊ लागले. संमतीची अट गेली आणि सरकारला फक्त कळवायचं ठरलं. नाक्यावर माल उतरवून दुसऱ्या ट्रकांत चढवताना संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तो तपासत.

या ‘कळवण्या’साठी मसुद्यात ‘सरकारला सूचना देऊन’ असेल, तर मराठी वाचक समजेल की सरकारला हुकूम सोडला! ‘सरकारला आगाऊ कळवून’ असंच लिहा.

पुढचंही त्याच ओघात येऊ द्या. २०२० मध्ये नाके चाराचे दोन आणि मग एकच झाले. जुलै २०२३ मध्ये रशियाच्या नकाराधिकाराने मुदतवाढ बारगळली, आणि सीरियाने स्वतः सहा महिन्यांची ‘परवानगी’ दिली. ट्रक तेच, रस्ता तोच, पण किल्ली दमास्कसच्या हातात गेली. ‘मदत सुरू राहिली’ एवढंच लिहिलं तर सार्वभौमत्वाचा मुद्दाच हातातून निसटतो.

राज्यशास्त्र, महाल
ताईंच्या मुद्द्याला जोड. संमतीचा हा नियम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या डिसेंबर १९९१ च्या ठराव ४६/१८२ मध्ये आहे, आणि त्यात संमती ‘बाधित देशाची’ म्हटली आहे, ‘सरकारची’ नव्हे. शिवाय देशाने मदतीचं आवाहन करावं हे ‘तत्त्वतः’. या सैल शब्दांवरच वर्षानुवर्षं वाद चालले आहेत. भाषांतरात ‘सरकारच्या संमतीनेच’ असा ‘च’ लावू नका.

अर्थशास्त्र, रामदासपेठ
‘मदत’ हा शब्दही गोड वाटतो तेवढा सरळ नाही. त्यात अनुदान आलं, सवलतीचं कर्ज आलं, धान्य आलं, तज्ज्ञांचे पगारही आले. प्रश्न पैसा कोणत्या खिशातून जातो हा आहे. अर्थसंकल्पातून गेला तर संसदेपुढे हिशेब येतो. देणगीदाराने थेट कंत्राटदाराला दिला तर मंत्रालयाला पत्ताच नसतो. त्याला ‘अर्थसंकल्पाबाहेरची मदत’ म्हणा, ‘अवैध’ म्हणू नका.

अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ पूर्वी सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा परदेशी अनुदानातून येत होता. सरकारी दवाखाने देणगीदारांच्या पैशावर संस्था कंत्राटाने चालवत. तालिबान आल्यावर पैसा थांबला आणि डॉक्टर-नर्सचे पगार अडकले. मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर अमेरिकेत गोठवले गेले. इथे ‘जप्त’ लिहू नका. जप्तीत मालकी जाते, गोठवण्यात वापर थांबतो.

आणखी एक गळती: सरकारी दराने डॉलर बदलण्याची सक्ती असली आणि बाजारदर दुप्पट असला, तर मदतीचा निम्मा पैसा विनिमयातच मुरतो. याला ‘भ्रष्टाचार’ म्हणता येत नाही, ‘विनिमय दरातली गळती’ म्हणा.

वकील, सिव्हिल लाइन्स
आता दुसरा प्रश्न. सीमा ओलांडली तर निर्वासित, देशातच राहिला तर अंतर्गत विस्थापित. पण निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘युद्ध’ हे कारण नाही, हे पुस्तकात ठळक यायला हवं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची सार्थ भीती, ही कारणं. युद्धातून पळालेल्यांना आफ्रिकेच्या १९६९ च्या कराराने स्पष्ट सामावून घेतलं. एकदम लाखभर माणसं आली की प्रत्येकाची मुलाखत शक्य नसते, तेव्हा अख्ख्या गटाला ‘सकृद्दर्शनी निर्वासित’ मानतात. आपल्या कोर्टातला रुळलेला शब्द आहे, नवा घडवू नका.

विस्थापितांसाठी १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. ते स्वतःच्या सरकारच्याच अखत्यारीत राहतात, मग तेच सरकार बॉम्ब टाकत असलं तरी. विदर्भात ‘विस्थापित’ म्हटलं की डोळ्यांपुढे गोसीखुर्द धरण येतं, म्हणून ‘युद्धविस्थापित’ केलंत तर घोटाळा टळेल.

देशही हे शब्द जपून वापरतात. लेबनॉन १९५१ च्या करारात नाही आणि सीरियनांना ‘विस्थापित’च म्हणतो. मे २०१५ मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला नवी नोंदणी थांबवायला लावली. माणसं येतच होती, यादी मात्र थांबली. तुर्कस्तान करारात आहे, पण युरोपबाहेरून आलेल्यांना त्याखाली निर्वासित मानत नाही, म्हणून सीरियनांना ‘तात्पुरतं संरक्षण’. भारतानेही या करारावर सही केलेली नाही. यजमान देशाचंही सार्वभौमत्व असतं, तेही प्रकरणात येऊ द्या.

अर्जुनी मोरगाववाला, मुक्काम नागपूर
अन् ‘छावणी’चं काय जी? आमच्याकडे गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकं राहून राहिले, त्याले सारे कॅम्पच म्हणते. छावणी म्हटलं का कामठीची फौज आठवते, नाही तर चारा छावणी. शिबिर रक्तदानाचं.

मदतकार्य, जरीपटका
भाऊ, बरोबर पकडलंत. ‘निर्वासित छावणी’ रुळलंय, राहू द्या. पण छावणी नागरी असायला हवी, हे वेगळं लिहावं लागतं. १९९४ मध्ये रवांडातून शेजारच्या झैरेतल्या (आजच्या काँगोतल्या) गोमाला आलेल्यांत नरसंहार करणारे सैनिक आणि पुढारीही होते. शिधावाटप गावनिहाय पुढाऱ्यांच्या हातून व्हायचं. त्यांनी डोकी वाढवून सांगितली, जादा धान्य विकलं आणि त्या पैशावर पकड घट्ट केली. नोव्हेंबरमध्ये सीमाविरहित डॉक्टर संघटनेची फ्रेंच शाखा तिथून निघून गेली.

म्हणून कार्ड कुटुंबाच्या नावाने, वाटप थेट हातात, आणि शक्यतो बाईच्या. माणशी रोजचं माप साधारण असं: धान्य ४०० ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, थोडं पौष्टिक पीठ, साखर, मीठ, सगळं मिळून २१०० कॅलरी. पाणी १५ लिटर. ‘रेशन’ऐवजी ‘शिधा’ लिहा, आपल्याकडे शिधापत्रिका आहेच.

अनुवादक, धरमपेठ
सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: मसुद्यात ‘निर्वासितांची पाठवणी’ आहे.

उपसंपादक, सीताबर्डी
अहो, पाठवणी लेकीची! काढा तो शब्द आधी.

वकील, सिव्हिल लाइन्स
आणि त्याजागी एकच शब्द घालू नका. माणूस माहिती घेऊन, आपल्या मर्जीने गेला तर ‘स्वेच्छेने परतणे’. कागदपत्रं नसलेल्या परकीयांनी १ नोव्हेंबर २०२३ पर्यंत देश सोडावा असं पाकिस्तानने बजावल्यावर जे अफगाण लोंढ्याने निघाले, त्यांना ‘परतले’ म्हणू नका. पकडून सीमेपार नेलेल्यांसाठी ‘हद्दपारी’, धाकाने निघालेल्यांसाठी ‘जावं लागलं’. आणि जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला न ढकलण्याचं १९५१ च्या करारातलं कलम ३३, त्याला ‘परत न धाडण्याचं तत्त्व’ म्हणा.