मदत हवी आहे: सासऱ्यांना मिळालेल्या कोविड मदतीची तपासणी (नेब्रास्का)

नमस्कार. मी मूळची जतची, आता नऊ वर्षं नेब्रास्कातल्या सँडहिल्समध्ये. सासरी गुरांचं रँच आहे.

२०२० च्या एप्रिलमध्ये मांसाच्या कारखान्यांत कोविड पसरला, एकेक कारखाना बंद पडला आणि गुरांचे भाव कोसळले. तेव्हा अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने सीफॅप (कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम) ही शेतकऱ्यांसाठीची मदत काढली. सासऱ्यांनी दोन्ही फेऱ्यांत अर्ज केले. अर्जात आकडे भरून सही करायची होती, कागद कुणी मागितले नव्हते. आता पत्र आलंय: आकड्यांचे पुरावे दाखवा.

पहिल्या फेरीत १६ एप्रिल ते १४ मे या काळात एका दिवशी जास्तीत जास्त किती गुरं होती ते विचारलं होतं. दर जनावरामागे ३३ डॉलर. सासऱ्यांनी लिहिली ३३६. दुसऱ्या फेरीत १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधला कुठलाही एक दिवस निवडायचा, दर ५५ डॉलर. तिथे लिहिली १६१. कळप एकच आणि आकडे असे! बघणाऱ्याला संशय येणारच, ही आमची पहिली भीती.

दुसरी भीती पुराव्याची. आमच्याकडे आहे ती त्यांच्या खिशातली लाल वही. एप्रिल म्हणजे गायी विण्याचे दिवस, आकडा रोज बदलतो. प्रत्येक ओळीत गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तारीख, कालवड की गोऱ्हा. वासरू मेलं असेल तर त्यावर आडवी रेघ. चार पानं बर्फात भिजून पेन्सिल पुसट झालीय. मी बोट ठेवून दोनदा मोजलं, एकही जनावर वाढवून लिहिलेलं नाही. पण सासरे रात्र रात्र जागे असतात, म्हणतात पैसे परत करून मोकळा होतो. जवळजवळ २० हजार डॉलर आहेत हो. कुणी अशा तपासणीतून गेलंय का?

प्रतिसाद (कॅन्सासहून):
ताई, आकडे वेगळे आहेत हेच बरोबर आहे. पहिल्या फेरीत गायी-वळूसुद्धा ‘इतर गुरं’ म्हणून धरले होते, दुसऱ्या फेरीत पैदाशीची जनावरं वगळली होती. एका कागदावर फोड करून द्या: गायी किती, वळू किती, वासरं किती. मी इथे शेतकऱ्यांचे हिशेब लिहितो, त्यावरून सांगतो: वही मूळ आहे तशीच न्या, नवी स्वच्छ प्रत करायला बसू नका. सोबत जनावरांच्या डॉक्टरांची बिलं, बँकेने कर्जासाठी केलेली गुरांची मोजणी आणि विक्रीच्या वेळच्या ब्रँड तपासणीचे (गुरांवरच्या मालकीच्या डागाच्या तपासणीचे) कागद जोडा. पैसे परत करायचं तर आत्ता मनातही आणू नका.

धागाकर्ती:
खूप आभार, दादा. फोड केली: गायी १७१, वळू ७, १४ मेपर्यंतची वासरं १५८. नंतर आणखी तीन जन्मली, म्हणून दुसऱ्या फेरीत १६१. मे महिन्यातलं वासरांच्या लसीचं बिल सापडलं, ५० डोसच्या तीन बाटल्या आणि १० ची एक. वळूंच्या तपासणीचं बिलही मिळालं, त्यावर सातच आहेत. सासऱ्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. आता फक्त बँकेचं राहिलं. तिथे मागायचं काय, फक्त त्या वर्षीच्या मोजणीचा कागद की कर्जाची सगळी फाईल?