मदत हवी आहे: आईच्या फोनचा डिस्प्ले गेला, आतलं सगळं काढायचं आहे (इंदूर)

मेधा_तिलकनगर:
तातडीने मदत हवी आहे. आईचा फोन ओट्यावरून खाली पडला, स्क्रीन पूर्ण काळी झाली. फोन चालू आहे, मेसेज आला की वाजतो. राजवाड्याजवळ एका दुकानात दाखवला तर तो म्हणाला रीसेट मारावा लागेल, डेटा जाईल, त्यापेक्षा नवीनच घ्या. मला नवीन फोनबद्दल काही विचारायचं नाहीये, आतलं सगळं हवं आहे. खात्रीचा उपाय माहीत असेल त्यांनीच सांगा, प्लीज लवकर.

यंत्रविनय:
फोन कुठला? टच चालतो का? लॉक कसलं आहे? आणि "आतलं सगळं" म्हणजे काय, फोटो, नंबर, व्हॉट्सॅप, की आणखी काही? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?
एक काम मात्र आत्ता लगेच करा. फोन चार्जिंगला लावा आणि बंद होऊ देऊ नका. एकदा रीस्टार्ट झाला की बोटाचा ठसा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो.

सुहास_महू:
ताई, आधी सरकारच्या संचार साथी साइटवर जाऊन आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करून टाका. आईंच्या नंबरावर बँक असेल. १९३० वर पण फोन करून ठेवा.

यंत्रविनय:
अहो सुहासभाऊ, फोन हरवलेला नाहीये, घरात आहे! आयएमईआय ब्लॉक केला तर त्या फोनला नेटवर्कच मिळणार नाही. आणि १९३० ही ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीची हेल्पलाइन आहे, तिथे हे सांगून काय होणार?

सुहास_महू:
काळजीपोटी लिहिलं. आमच्या शेजारच्या काकांचे पैसे गेलेत, म्हणून.

मेधा_तिलकनगर:
रेडमी नोट १० आहे. टच चालतो की नाही कसं कळणार, काहीच दिसत नाही. लॉक बोटाचं आहे, बाजूच्या बटणावर. सिम काढून साध्या फोनमध्ये टाकलं आहे, ओटीपी तिथे येतात. फोटो पण हवेत, पण मुख्य म्हणजे व्हॉट्सॅप.

राऊपुरा_केदार:
सोपं आहे. ओटीजी, म्हणजे फोनला कीबोर्ड-माऊस जोडायची छोटी पिन, घ्या, त्यात यूएसबी कीबोर्ड लावा. स्पेस दाबा, पिन टाइप करा, एंटर. अनलॉक झाला की लॉक उघडल्याचा बारीक आवाज येतो. मी बडोद्यात माझ्या सासऱ्यांचा फोन असाच उघडला होता. दुकानदाराला एक पैसा द्यायची गरज नाही.

यंत्रविनय:
उघडला, मग पुढे? यूएसबीला एकच भोक आहे, त्यात कीबोर्ड लावला तर लॅपटॉप कुठे लावणार? आणि लॅपटॉप लावल्यावर "फाइल ट्रान्सफर" फोनवरच निवडावं लागतं, तेही न बघता.

राऊपुरा_केदार:
मग लॅपटॉप नको. आणि टाइप सी वरून थेट टीव्हीला लावायचा, चित्र टीव्हीवर दिसेल.

यंत्रविनय:
नोट १० मध्ये ते होत नाही. त्याचा पोर्ट यूएसबी २.० चा आहे, त्यातून चित्र बाहेर येतच नाही. ती सोय महागड्या फोनमध्ये असते. तुमच्या सासऱ्यांचा फोन कुठला होता?

राऊपुरा_केदार:
तो सॅमसंगचा एस सिरीजचा होता. तरी करून बघायला काय जातंय?

पोहेवाली_अनघा:
मेधा, फोटोंसाठी एवढी धावपळ नको गं. कॉम्प्युटरवर आईचा जीमेल उघड, गूगल फोटोजमध्ये बघ. चालू असेल तर सगळे तिथे असतील. आणि व्हॉट्सॅपसाठी ड्राइव्ह उघड, स्टोरेजमध्ये जा, तिथे बॅकअप्स म्हणून दिसतं, शेवटची तारीख काय आहे ते सांग.

मेधा_तिलकनगर:
अनघाताई, फोटो आहेत, बरेचसे. थँक्यू. पण व्हॉट्सॅपचा बॅकअप २०२४ च्या मे महिन्यातला दाखवतोय. त्यानंतरचं काहीच नाही. असं कसं? आईचा बॅकअप चालू होता, मीच लावून दिला होता.

यंत्रविनय:
जागा संपली असणार. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॅप बॅकअप २०१८ पासून गूगलच्या १५ जीबीत मोजत नव्हते. ते २०२३ च्या शेवटी बदलायला लागलं आणि २०२४ मध्ये सगळ्यांनाच लागू झालं. त्या १५ जीबीत मेल, फोटो, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॅप सगळंच आलं. भरलं की बॅकअप थांबतो. फोनवर तशी सूचना येते, पण घरातली मोठी माणसं ती बाजूला सरकवून देतात.

जुनी_इंदूर:
मूळ दुखणं हेच आहे. रोज सकाळी गुलाबाची फुलं, सूर्योदय, दत्ताचे फोटो, वर व्हिडिओ. १५ जीबी नाही भरणार तर काय? आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मी कितीदा सांगितलं, मजकूर लिहा, चित्रं पाठवू नका.

कुंदामावशी:
ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत त्यांना विचारा त्या फुलांचं मोल. सकाळी फूल आलं की समजतं समोरचा माणूस बरा आहे. माझी मैत्रीण एक दिवस फूल पाठवायची राहिली म्हणून मी फोन केला, तर ती तापाने पडलेली.

जुनी_इंदूर:
मावशी, तुमचं खरं आहे. पण मग पाहून झाल्यावर काढून टाकायला हवेत. व्हॉट्सॅपच्या सेटिंगमध्ये फोटो आपोआप उतरणं बंद करता येतं, तेवढं तरी करावं.

यंत्रविनय:
मेधाताई, धागा भरकटायच्या आत दोन गोष्टी. नवीन फोनवर आईंच्या नंबराने व्हॉट्सॅप आत्ता सुरू करू नका. केलंत तर जुन्या फोनवरचं लॉगआउट होईल, आणि रिकाम्या व्हॉट्सॅपने बॅकअप घेतला तर मे महिन्यातला पण जाईल. दुसरं, पिन काय आहे?

मेधा_तिलकनगर:
पिन नाहीये म्हणते आई. बोटानेच उघडते.

यंत्रविनय:
हे शक्यच नाही. अँड्रॉइडमध्ये बोट लावायच्या आधी पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड ठेवावाच लागतो. आणि फोन निदान ७२ तासांत एकदा तो मागतोच. आई काहीतरी टाकत असणारच. पुन्हा विचारा.

आशिष_आयफोन:
म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, आईवडिलांना आयफोन घेऊन द्या. ही कटकटच नाही.

पोहेवाली_अनघा:
आयफोन पडला तर काय फुटत नाही का? आणि रीस्टार्ट झाल्यावर तोही पासकोडच मागतो. तिने नवीन फोन विचारलाच नाहीये.

लष्करचा_नाना:
मी ग्वाल्हेरचा, वाचत होतो. त्या दुकानदाराने रीसेटचं सांगितलं ते साफ चूक आहे. डेटा बोर्डावर असतो, स्क्रीनवर नाही. फोल्डर बदला, डेटाला धक्का लागत नाही. डिस्प्ले आणि टच मिळून जो एक तुकडा येतो तो फोल्डर. तुमच्याकडे जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये तासाभरात बदलून देतात.

राऊपुरा_केदार:
आणि तिथे डेटा चोरतील त्याचं काय? दुकानात फोन सोडून यायचा नाही कधी. चिप काढून सगळं वाचतात ही माणसं.

यंत्रविनय:
समोर बसून करून घ्यावं हे बरोबर. पण चिप काढून वाचता येत नाही. नोट १० अँड्रॉइड ११ वर आलेला आहे, त्यातला सगळा डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात, असतो. चिप काढली तर हाती नुसता कचरा येईल. हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू आहे. बोर्ड गेला किंवा पॅटर्न विसरला, तर मालकालाही काही मिळत नाही.

मेधा_तिलकनगर:
सापडलं! मी "पिन" विचारत होते म्हणून ती नाही म्हणत होती. पॅटर्न आहे. कागदावर रांगोळीसारखे नऊ ठिपके काढून दिले तर तिने न थांबता रेघ ओढून दाखवली. पण आता केदारदादांचा कीबोर्ड चालेल का?

राऊपुरा_केदार:
पॅटर्न कीबोर्डवरून टाकता येत नाही. माऊस लावून बघा.

यंत्रविनय:
काळ्या पडद्यावर माऊसने नऊ ठिपके कसे शोधणार हो? नानांचं ऐका, फोल्डर बदला. दुकानात भाव ठरवताना लक्षात ठेवायची एक गोष्ट सांगतो. या फोनचा मूळ डिस्प्ले अमोलेड आहे. बाजारात त्याच्या जागी साधा एलसीडीवाला कॉपी फोल्डर पण मिळतो, भावात बराच फरक असतो. ज्यांचा बोटाचा सेन्सर स्क्रीनखाली असतो त्यांनी कॉपी घेऊच नये, ठसा चालत नाही. तुमचा सेन्सर बाजूच्या बटणात आहे, त्यामुळे फक्त डेटा काढायचा असेल तर कॉपीनेही भागेल. आई तोच फोन पुढे वापरणार असतील तर ओरिजिनल टाका.

तुळशीनगर_पराग:
कॉपी अजिबात टाकू नका. जाड असते, कडेने वर येते, उन्हात काही दिसत नाही. माझा अनुभव फार वाईट आहे.

लष्करचा_नाना:
चिकटवायच्या आधी नुसता कनेक्टर जोडून चालवून बघायला सांगा. तेवढ्यात पॅटर्न टाका, लॅपटॉप लावा, सगळं कॉपी करा. मग ठरवा काय टाकायचं ते. लॅपटॉप सोबत न्या.

सई_नंदलालपुरा:
मेधा, एक विचारू? व्हॉट्सॅपमध्ये नक्की काय हवंय? कारण चॅट वाचायचे असतील तर वेगळं, फोटो असतील तर वेगळं.

मेधा_तिलकनगर:
आवाज. माझी मावशी ग्वाल्हेरला असते, शिंदे की छावणीत. ती दर श्रावणात आईला मंगळागौरीची गाणी आणि आजीच्या ओव्या म्हणून व्हॉइस मेसेज पाठवायची. कुठेच लिहिलेल्या नाहीत त्या. यंदा तिला अर्धांगवायू झाला. आता बोलते थोडं, पण गाता येत नाही. आई रोज दुपारी ते मेसेज लावून ऐकायची. फोन पडल्यापासून ती जेवायला पण नीट बसत नाहीये.

पोहेवाली_अनघा:
अगं हे आधी सांगायचं ना. आवाज गूगल फोटोजमध्ये जातच नाहीत, मी तुला उगीच तिकडे पाठवलं.

सई_नंदलालपुरा:
मग मावशींचा फोन कुठे आहे? पाठवलेले व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही राहतात!

यंत्रविनय:
सईताई, शाबास. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मेधाताई, तो फोन अँड्रॉइड असेल तर ज्याच्याकडे आहे त्याला सांगा: फाइल मॅनेजर उघडायचा, इंटर्नल स्टोरेज, अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॅप, व्हॉट्सॅप, मीडिया, आणि त्यात व्हॉट्सॅप व्हॉइस नोट्स. आत आठवड्यागणिक फोल्डर असतात, नावात वर्ष आणि आठवड्याचा आकडा असतो. फाइलींच्या नावात पीटीटी आणि तारीख असते, शेवटी ओपस. श्रावणातले आठवडे ऑगस्टच्या आसपास शोधा. चॅट एक्स्पोर्ट पण करता येतो, पण मीडियासकट शेवटचे १०,००० मेसेजच जातात. त्यापेक्षा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

सुहास_महू:
आणि तो फोन कोणी रीसेट करून नातवाला देऊन टाकायच्या आत फोन करा ताई. आमच्याकडे असंच झालं होतं.

मेधा_तिलकनगर:
मावसभावाशी बोलले. फोन त्याच्याकडेच आहे, कपाटात ठेवलेला. आज रात्री व्हॉइस नोट्सचा फोल्डर काढून ड्राइव्हवर टाकतो म्हणाला. पण मावशीने हा फोन मागच्या वर्षी घेतला, त्यामुळे आधीच्या श्रावणांचं त्यात काही नसेल. ते आईच्याच फोनमध्ये. उद्या जेल रोडला जाते, आईला सोबत घेऊन. पॅटर्न तिच्याच हाताने बरोबर येतो.

तुळशीनगर_पराग:
सकाळी लवकर जाऊ नका, तिथली दुकानं सावकाश उघडतात. पार्किंगचे हाल आहेत, रिक्षाने जा.

जुनी_इंदूर:
आणि दोन्हीकडून आलेलं निदान दोन ठिकाणी ठेवा. एक हार्ड डिस्क, एक क्लाउड.

मेधा_तिलकनगर:
झालं! दुकानातला मुलगा डिस्प्लेचा फोल्डर जोडून थांबला, स्क्रीन लागली, आईने पॅटर्न टाकला आणि पहिल्यांदा मावशीचा चॅटच उघडला. मी म्हटलं थांब, आधी कॉपी करू दे. व्हॉइस नोट्सचा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर घेतला, २०२१ पासूनचं सगळं आहे. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये वाजतंय. भावाकडूनही फाइली आल्या. ओरिजिनल फोल्डरच टाकून घेतला, आई दुसरा फोन नको म्हणाली. विनयदादा, नाना, सई, सगळ्यांचे मनापासून आभार.

लष्करचा_नाना:
फार बरं वाटलं. एक विनंती आहे. इथल्या आमच्या भगिनी मंडळातल्या बायका जुनी गाणी गोळा करताहेत. मावशींची हरकत नसेल तर काही ऐकायला मिळतील का?

मेधा_तिलकनगर:
नाना, मावशीला विचारून कळवते. तिने हो म्हटलं तर आनंदाने.

आशिष_आयफोन:
दुकानाचं नाव टाका ना ताई, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मेधा_तिलकनगर:
व्यक्तिगत निरोपात पाठवते.

गणेश_बडनगर:
माझ्या पण फोनच्या स्क्रीनवर हिरव्या रेघा येताहेत, फोल्डर बदलावा लागेल का? लवकर सांगा, अर्जंट आहे.

यंत्रविनय:
गणेशभाऊ, वेगळा धागा काढा. आणि मॉडेल पहिल्याच ओळीत लिहा.