मदत हवी आहे : आईच्या गुडघ्याच्या एमआरआय रिपोर्टमधले शब्द कुणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची आहे. आमचं घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, मागे कुळागर (सुपारी-नारळाची बाग), त्यामुळे उठबस आणि चढउतार तिला चुकत नाही. चतुर्थीच्या आधी ती आदोळीवर बसून नारळ खवत होती. उठायला गेली आणि उजवा गुडघा वाकलेल्या अवस्थेतच अडकला, सरळ होईना. हळूहळू हलवत राहिल्यावर एकदम सुटला. त्यानंतर असं परत दोनदा झालं. सूज येते, ओसरते. पायऱ्या उतरताना जास्त दुखतं, आणि कदंबाच्या बसची पहिली पायरी तर मी हात दिल्याशिवाय तिला चढवत नाही.

एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, "झीज आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करू." बाहेर मोठी रांग होती, त्यामुळे बाकीचं विचारायचं राहून गेलं. रिपोर्टच्या शेवटी जे लिहिलंय ते असं :

१. मेडियल मेनिस्कसच्या पोस्टीरियर हॉर्नला ग्रेड ३ टेअर
२. मेडियल कंपार्टमेंटमध्ये ग्रेड ३ कॉन्ड्रल लॉस, ऑस्टिओफाइट्स
३. एसीएल : म्युकॉइड डीजनरेशन
४. मॉडरेट जॉइंट इफ्युजन, सायनोव्हियल थिकनिंग
५. सुप्रापटेलर रिसेसमध्ये ८ मिमी इंट्रा-आर्टिक्युलर लूज बॉडी
६. लहान बेकर्स सिस्ट

'सिस्ट' ऐकल्यापासून आईची झोप उडाली आहे. तिला वाटतं कॅन्सरचीच गाठ आहे आणि आम्ही लपवतोय. शिवाय ग्रेड ३ दोनदा आहे, म्हणजे तिसऱ्या स्टेजचं काही आहे का? यातलं नेमकं काय दुखतंय आणि ऑपरेशन कशासाठी, हे तिला समजेल अशा भाषेत मला सांगायचं आहे. कृपया मदत करा.

---

प्रतिसाद :

ताई, मी फोंड्याला फिजिओथेरपिस्ट आहे. फिल्म न बघता, पाय न तपासता निदान सांगणार नाही, पण रिपोर्टमधले शब्द सांगू शकते.

आधी आईंची भीती घालवू. बेकर्स सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. सांध्यात पाणी वाढलं की ते गुडघ्याच्या मागच्या बाजूला फुग्यासारखं साठतं, तेवढंच. मूळ त्रास कमी झाला की बहुतेक वेळा तीही लहान होते. आज रात्रीच त्यांना हे सांगा.

ग्रेड ३ चा कॅन्सरच्या स्टेजशी काडीचाही संबंध नाही. ते दोन ग्रेडही वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. मेनिस्कस म्हणजे मांडीचं आणि नळीचं हाड यांच्या मधली कुर्चेची गादी, प्रत्येक गुडघ्यात दोन. मेडियल म्हणजे आतल्या बाजूची, पोस्टीरियर हॉर्न म्हणजे तिचं मागचं टोक. तिच्यात ग्रेड १ आणि २ म्हणजे आतल्या आत बदल. ग्रेड ३ म्हणजे तो पृष्ठभागापर्यंत पोचला, म्हणजेच गादी फाटली. कॉन्ड्रल लॉसचा ग्रेड हाडाच्या टोकावर असलेल्या गुळगुळीत कुर्चेचा. तिथे ४ म्हणजे हाड उघडं पडलं. आईंची कुर्चा बरीच झिजली आहे, पण अजून शिल्लक आहे. ऑस्टिओफाइट्स म्हणजे झिजलेल्या सांध्याच्या कडेला वाढलेली हाडाची टोकं. हे सगळं संधिवाताच्या झिजेचंच चित्र.

एसीएल हा सांध्याच्या आतला लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा. म्युकॉइड डीजनरेशन म्हणजे तो वयानुसार जाडसर, मऊ झाला, तुटलेला नाही. इफ्युजन म्हणजे सांध्यात साठलेलं जादा पाणी, आणि सायनोव्हियल थिकनिंग म्हणजे ते पाणी तयार करणारं आतलं अस्तर सुजून जाड झालं आहे.

आता पाचवी ओळ. माझ्या मते तुमच्या पानावर सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. लूज बॉडी म्हणजे कुर्चेचा किंवा हाडाचा सुटलेला तुकडा. 'इंट्रा-आर्टिक्युलर' म्हणजे तो सांध्याच्या पोकळीतच फिरतोय. आत्ता तो वाटीच्या वरच्या खिशात दिसला, पण जागा बदलतो. दोन हाडांच्या मध्ये आला की गुडघा अडकतो, सरकला की एकदम सुटतो. तुम्ही लिहिलेलं वर्णन याच्याशी जुळतं. फाटलेल्या मेनिस्कसमुळेही असं होऊ शकतं, म्हणून तपासणी हवीच.

हे का सांगते? कारण पन्नाशीनंतर मेनिस्कस फाटलेला दिसणं फार सामान्य आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम इथे ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयवर पाहिले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचा मेनिस्कस फाटलेला होता त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचं काही दुखणंच नव्हतं. फिनलंडमध्ये २०१३ च्या अभ्यासात झिजेमुळे फाटलेला मेनिस्कस दुर्बिणीतून कापला, तरी वर्षभरानंतर फायदा खोट्या ऑपरेशनपेक्षा (म्हणजे केल्यासारखं दाखवलं, पण मेनिस्कस कापलाच नाही) जास्त भरला नाही. म्हणून फक्त पहिल्या दोन ओळींसाठी मी आधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणं, आणि खाली बसणं बंद, एवढंच सांगितलं असतं. पण अडकणाऱ्या गुडघ्यातला तुकडा व्यायामाने निघत नाही. तो काढायला दुर्बीण योग्य ठरू शकते; झीज मात्र तिने भरून येणार नाही.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा : ऑपरेशन तुकडा काढायला आहे की मेनिस्कससाठी? उभं राहून काढलेला एक्स-रे पाहिला का? त्यावर सांध्यातली फट किती उरली ते कळतं. डीडीएसएसवाय (गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना) कार्ड असेल तर ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, ते तारीख ठरवण्याआधी विचारून घ्या.

गुडघा अडकून सुटलाच नाही, ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला, किंवा पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर थांबू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) घेऊन जा.

---

धागाकर्ती :

ताई, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. सिस्टचं ऐकून तिने दोनदा विचारलं, "खरं ना?" आदोळी आता ओट्यावर चढवून ठेवली आहे, ती उभ्याने खवते. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, तुमचे प्रश्न कागदावर उतरवून घेतलेत. एक राहिलं : तोपर्यंत गुडघ्याला पट्टा बांधून ठेवावा का, की त्याने स्नायू आणखी ढिले पडतील?