रिअल-टाइम म्हणजे ‘तत्काळ’ की ‘वक्तशीर’?

नांदेडहून प्रश्न: टेलिफोन सर्व्हरच्या देखभालीची पुस्तिका मराठीत करायलोय. ‘स्थिर रिअल-टाइम कर्नल’साठी ‘तत्काळ काम करणारा स्थिर गाभा’ असं लिहिलंय. चालेल का?

लातूरहून: कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मधला मुख्य भाग, त्याला ‘गाभा’ छान. नुसतं ‘कर्नल’ लिहिलं की वाचणाऱ्यापुढं आधी फौजेतला अधिकारी उभा राहतो. ‘तत्काळ’ मात्र काढा, दादा. त्यानं अर्थच फिरतो. रिअल-टाइम गाभा एकूण काम साध्या गाभ्यापेक्षा बहुधा थोडं कमीच उपसतो. त्याचा गुण वेगळा: ओझं कितीही असो, महत्त्वाचं काम ठरल्या मुदतीत उरकायचं.

फोनवर हे कानाला कळतं. साध्या फोनच्या आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात आणि इंटरनेटवरून पाठवताना सहसा 20 मिलिसेकंदांचा एकेक तुकडा करतात, म्हणजे सेकंदाला 50 तुकडे. त्यातले 49 वेळेत निघाले आणि एक फार मागं राहिला, तरी पलीकडचा माणूस म्हणतो, ‘आवाज तुटायलाय.’ मी सांभाळत होतो त्या एका सर्व्हरवर रात्री बॅकअप सुरू झाला की हेच व्हायचं. सरासरी उशीर बघावा तर नगण्य. पण फोन तुटतो तो सगळ्यात वाईट उशिरानं, आणि तोच मोजावा लागतो. ‘सायक्लिकटेस्ट’ हा उशीर मोजणारा प्रोग्राम त्यासाठीच आहे.

म्हणून माझं मत ‘वक्तशीर’ला. ‘वक्त’ अरबीतला, ‘शीर’ आपल्या कायदेशीर-पद्धतशीरमधला. निजामाच्या काळात दफ्तर उर्दूत चाललेल्या आपल्या मुलखाला तो शब्द परका नाही.

परभणीहून: वक्तशीर माणूस असतो, यंत्राला तो शब्द जड वाटतो. ‘मुदतबंद’ घ्या. वापशाचं बघा ना, वापसा गेल्यावर कितीही झपाट्यानं पेरलं तरी काय उपयोग?

लातूरहून: वापशाचा दाखला पुस्तिकेत घ्यावा इतका चपखल आहे. पण ‘मुदतबंद’ म्हटलं की बँकेतली ठेव आठवते. मी ‘वक्तशीर’वरच ठाम आहे.

नांदेडहून: आणि ‘स्थिर’?

लातूरहून: त्यात दोन अर्थ मिसळलेत. एक, वेळ न हलणारा. तो ‘वक्तशीर’मध्ये आलाच. दुसरा, महिनोन्महिने न पडणारा, आणि तिथं खरी काळजी घ्यावी लागते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची रिअल-टाइम जोडणी सुमारे दोन दशकं मूळ गाभ्याबाहेर वाढली, 2024 साली 6.12 आवृत्तीत ती मुख्य प्रवाहात आली. टेलिफोन कार्डांचा ‘दाहदी’ ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, मात्र अजून बाहेरचाच, गाभा बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो. शिवाय रिअल-टाइम गाभ्यात बरीच कुलपं (एका वेळी एकाच कामाला आत सोडणारी) झोपू शकणारी होतात, म्हणजे थांबलेलं काम बाजूला ठेवता येतं, आणि इंटरप्टची (हार्डवेअरकडून मध्येच येणाऱ्या हाकेची) कामं वेगळ्या धाग्यांवर, म्हणजे स्वतंत्र कामांच्या रांगांवर, जातात. हे गृहीत न धरता लिहिलेला ड्रायव्हर तिथं अडकू शकतो. गाभा धडधाकट असतो, तरी मशीन हँग होते आणि दोष गाभ्यावर येतो. त्यामुळं तिथं ‘स्थिर’ऐवजी ‘न पडणारा’ असं सरळ लिहा, आणि खाली ठळक अक्षरांत टाका: नवा गाभा चढवण्याआधी कार्डाचा ड्रायव्हर त्यावर चालवून बघावा.