चटणी, लोणचं, आमटी आणि घरातलं छोटं कुत्रं : तुमचे अनुभव लिहा

विश्रामबाग, सांगली.
आमचा चिकू साडेतीन किलोचा पॉमेरियन. मे महिन्यात सासूबाई गावाहून राहायला आल्या. त्यांचा जीव फार त्याच्यावर. नुसता दहीभात खाऊन पोरगं कंटाळत असेल म्हणून त्या रोज दुपारी आपल्या ताटातली आमटी-भाकरी कुस्करून त्याला द्यायच्या. तिखट लागू नये म्हणून वर दूधही घालायच्या. तोही वाटी चाटूनपुसून स्वच्छ करायचा. आम्हाला कौतुकच वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात चिकू जिना चढेना. दोन पायऱ्या चढला की बसायचा, धापा टाकायचा. आधी वाटलं, ऊन फार आहे. मग एका सकाळी अंगणातल्या फरशीवर त्याची लघवी पाहिली, कोऱ्या चहाच्या रंगाची. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक.

डॉक्टरांनी विचारलं, "कांदा दिला होता का?" मी ठामपणे नाही म्हणाले. खरंच कधी दिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "आमटी? रस्सा?" आणि मला आमची मसाल्याची बरणी आठवली. उन्हाळ्यात कांदे वाळवून, लसूण-खोबरं-मिरची भाजून डंकावर कुटून आणलेला वर्षाचा कांदा-लसूण मसाला. आपल्याकडे कुठली आमटी त्याच्याशिवाय होते? रक्त तपासलं, हिमोग्लोबिन निम्म्यावर आलं होतं. मसाला बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी चिकू पुन्हा जिना चढायला लागला. सासूबाई आजही तो विषय निघाला की डोळे पुसतात. त्यांनी विष दिलं नव्हतं हो, माया केली होती. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून हा धागा. ताटाच्या कडेला वाढलेल्या गोष्टींतून तुमच्या छोट्या कुत्र्याला काय झालं, काय झालं नाही, दोन्ही लिहा.

तासगावहून.
आमचा अनुभव बेदाण्याचा. बेदाणा शेडवर आमची डॅशहाउंड दिवसभर पायात पायात असते. रॅकखाली सांडलेला माल तिनं खाल्ला. किती, ते कुणालाच सांगता येईना. मी म्हणालो, एवढ्यानं काय होतंय, आपण पसापसा खातो. भावानं मात्र ऐकलं नाही, तसाच गाडीवर घेऊन गेला. डॉक्टरांनी ओकारी काढली, दोन दिवस सलाईन लावलं, मूत्रपिंडं ठीक आहेत का हे बघायला रक्त तीनदा तपासलं. वाचली.
डॉक्टर म्हणाले, द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात आणि याचा नेमका हिशेब नाही. एखादं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, एखादं थोडक्यात जातं. संशय टार्टारिक आम्लावर आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून भेळेची आंबटगोड चटणीही नको म्हणाले. आमच्या घरात त्या चटणीत चिंच आणि बेदाणा दोन्ही असतात! ज्या गावात घरोघरी बेदाणा, तिथं ही गोष्ट प्रत्येक शेडवर लिहून लावावी असं मला मनापासून वाटतं.

कराड.
पगनं कैरीच्या लोणच्याचा खार चाटला, दोन-तीन चमचे असेल. रात्रभर उलट्या, जुलाब आणि सारखं पाणी पिणं. मीठ आणि तेल दोन्ही बाधलं. दोन दिवसांत बरा झाला.

फलटण.
आमच्याकडे टोमॅटो सॉस एकदोनदा चाटून झालाय, काही झालं नाही. तरी बाटलीमागे वाचलं तर घटकांत कांदा आणि लसूण आहेच. आता बंद.

मी पशुवैद्य आहे, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो.
वर लिहिलंय ते बरोबर आहे, थोडी भर घालतो. कांदा-लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. तळून, शिजवून, वाळवून ते द्रव्य जात नाही. उलट वाळवलेल्या पुडीत ते एकवटतं. किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांद्यानं रक्तात बदल दिसलेले आहेत. म्हणजे साडेतीन किलोच्या चिकूला अर्धा मध्यम कांदा पुष्कळ झाला. तीच गोष्ट तीस किलोच्या कुत्र्याला चार-पाच कांद्यांची. थोडं थोडं रोज दिलं तरी नुकसान साठत जातं. आणि लक्षणं लगेच नाहीत, दोन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर घरचे आमटी विसरलेले असतात. ठेचा, जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी, सगळ्यांत लसूण आहे. लोक तिखटाला घाबरतात, मी लसणाला घाबरतो.
एक कळकळीची विनंती. ओकारी काढायला घरी मिठाचं पाणी पाजू नका. छोट्या जिवाला तेवढं मीठच घातक ठरतं.

सातारा, शाहूपुरी.
हे मिठाचं पाणी आम्ही पाजलं होतं. शेजारच्या काकांनी चांगल्या हेतूनं सांगितलं. लसूण बाजूला राहिला, पिल्लू मिठानंच थरथरायला लागलं. त्या रात्रीबद्दल जास्त लिहवत नाही. वाचलं, एवढंच.

पाचगणी.
ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांच्यासाठी. वडिलांसाठी बिनसाखरेचा जॅम आणि पीनट बटर आणताना मी आता घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) किंवा त्याचा 967 हा आकडा शोधते. किलोमागे 0.1 ग्रॅमसुद्धा कुत्र्याची रक्तातली साखर एकदम खाली आणतं, कधी अर्ध्या तासात. जास्त गेलं तर यकृत जातं. साध्या साखरेच्या जॅमची बोटं आमच्या स्पिट्झनं लहानपणापासून चाटलीत, त्याला त्रास झाला नाही.

मिरज.
धागा वाचत असतानाच लिहितेय. आमच्या शिहत्झूनं संध्याकाळी भडंगाचा डबा पाडला. तळलेल्या लसणाच्या पाकळ्या वेचून खाल्ल्यात, शेंगदाणे तसेच पडलेत. वजन पाच किलो. आता मस्त खेळतोय. सकाळपर्यंत वाट बघू का?

विश्रामबाग.
ताई, वाट बघू नका. चिकूही पहिले दोन आठवडे खेळतच होता. डॉक्टरांना आत्ता फोन करा, किती वाजता आणि साधारण किती पाकळ्या ते सांगा.

मिरज.
जाऊन आलो. इंजेक्शननं ओकारी काढली, लसूण दिसला. परवा हिरड्या आणि रक्त दाखवायला बोलावलंय. तोवर भात आणि उकडलेलं चिकन, फोडणीच्या आधी बाजूला काढलेलं. परवा लिहिते.